इंजिन कोठें असावें?

गेल्या पावसाळ्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हा विद्यार्थी अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत एका कारखान्यांत इंजिनीअर आहे. पत्रांत त्यानें मुलाबाळांचें कुशल कळविलें होतें, सोलापुरास राहणाऱ्या आपल्या आईच्या डोळ्यांविषयीं विचारलें होतें, आणि शेवटीं एक असा प्रश्न घातला होता, कीं जो निवृत्त शाळामास्तराला सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याची दोन आसनांची जुनी मोटार आतां थकली आहे. तिच्या जागीं नवी घ्यावयाची आहे. तर ती कोणत्या जातीची घ्यावी?

मला स्वतःला मोटार हांकतां येत नाहीं. माझें सारें आयुष्य सायकलीवर गेलें. म्हणून प्रथम मला हसूंच आलें. पण पत्राच्या पुढच्या पानावर त्यानें खुलासा केला होता. गाड्यांच्या गुणदोषांचे तक्ते तिकडे हवे तेवढे मिळतात आणि ते सर्व त्यानें वाचले होते. त्याची अडचण निराळी होती. जुनी गाडी टाकतांना तिच्यांतलें काय सोडावयाचें आणि काय धरून ठेवावयाचें, हें त्याला ठरवितां येत नव्हतें. "गुरुजी, तुम्हीं आम्हांला इतिहास शिकविलात. या गोष्टीलाहि कांहीं इतिहास असेल, तर तेवढा सांगा," असें त्यानें लिहिलें होतें.

हा प्रश्न केवळ मोटारीचा नाहीं, हें आपल्या ध्यानांत आलेंच असेल. ज्या शहरानें १८७७ सालीं सुरू झालेल्या जुन्या गिरणीचें वैभव पाहिलें आणि तिचे भोंगे कायमचे थांबलेलेहि पाहिले, त्या शहरांतील माणसाला यंत्राचें वार्धक्य म्हणजे काय, हें निराळें सांगावें लागत नाहीं. मीं पुस्तकें मिळविलीं, जाणत्यांस विचारलें, आणि जें हातीं लागलें तें त्याला कळविलें. आज तेंच आपल्यापुढें मांडतों.

प्रथम त्या जुन्या गाडीची ओळख करून देतों. ती जपानांतील टोयोटा कंपनीची, एम्. आर. टू या नांवाची, २००३ सालची गाडी. वजन सुमारें १,००० किलो, इंजिन १.८ लिटरचें, जोर सुमारें १३८ अश्वशक्तीचा. हे आंकडे कांहीं डोळे दिपविणारे नव्हेत. हिचें विशेष आहे तें इंजिनाच्या जागेंत. हिचें इंजिन पुढें टोपणाखालीं नाहीं, आणि पार शेपटींतहि नाहीं. तें बसणाराच्या पाठीमागें, पण मागच्या चाकांच्या आंसाच्या पुढें, म्हणजे गाडीच्या पोटांत आहे. या रचनेस मध्य-इंजिनाची रचना म्हणतात. मिशिगनांत हिंवाळ्यामध्यें रस्त्यांवरचें बर्फ वितळावें म्हणून मीठ पसरतात. त्या मिठानें गाड्यांचीं पोटें खालून गंजत जातात. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीचें इंजिन अद्याप धडधाकट होतें. पण ज्या सांगाड्यावर तें बसविलेलें, त्यालाच भोंकें पडूं लागलीं होतीं. आत्मा तरुण आणि देह जर्जर, अशी तिची अवस्था झाली होती.

आतां इंजिनाच्या जागेचा एवढा बडिवार कशासाठीं? खांद्यावर कावड घेऊन जाणारा गडी आठवा. बांबूच्या दोन टोकांना दोन घागरी. सरळ वाटेनें तो झपाझप चालतो. पण बोळाच्या कोपऱ्यावर त्याला चाल मंद करावी लागते. टोकांचीं ओझीं वळावयास चटकन् तयार होत नाहींत, आणि एकदां वळूं लागलीं म्हणजे थांबावयासहि तयार होत नाहींत. त्याच दोन घागरी एखाद्या बाईनें एक डोक्यावर आणि एक कमरेवर घेतली, तर ती सहज गिरकी घेऊन घरांत शिरते. ओझें तेंच, केवळ मध्यापासूनचें अंतर बदललें. मोटारींत सर्वांत जड वस्तु म्हणजे इंजिन. तें टोंकाला असलें तर गाडीची कावड होते; मध्यावर असलें तर गाडी सुकाणूच्या हुकुमाबरोबर वळते.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यांतील ऊंस वाहणारा गाडीवान सांगेल. ओझें मागें फार झालें तर गाडी उलाळ होते आणि जूं बैलांचे गळे ओढूं लागतें. पुढें फार झालें तर तोच भार बैलांच्या मानेवर बसतो. म्हणून तो मोळ्या रचतांना भार आंसावर तोलून धरतो. मोटारींतहि इंजिन पुढें असून जोर मागच्या चाकांना द्यावयाचा असला, तर मागचीं चाकें हलकीं पडून जागच्या जागीं फिरूं लागतात. इंजिन अगदीं मागें असलें, तर वळविणारीं पुढचीं चाकें हलकीं पडतात. मध्य-इंजिनाची गाडी या दोहोंच्या मधला तोल साधते.

मात्र या तोलाची किंमतहि भरावी लागते. जेथें मागचीं माणसें बसावयाचीं, तेथेंच इंजिन येऊन बसतें. म्हणून अशी गाडी बहुधा दोघांचीच. सामानास जागा थोडी, कानाशीं आवाज, पाठीशीं ऊब, आणि दुरुस्ती करणाराला हात घालण्यास अडचण. शिवाय जी गाडी चटकन् वळते, ती एकदां पकड सुटली म्हणजे चटकन् गिरकीहि घेते. गुण आणि दोष एकाच मुळापासून फुटलेले आहेत.

आतां इतिहासाकडे वळूं. २९ जानेवारी १८८६ रोजीं जर्मनींत कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. तिचें पाऊण अश्वशक्तीचें इंजिन आसनाच्या मागें होतें. म्हणजे आरंभ मागूनच झाला होता. पुढें १८९१ सालीं फ्रान्समध्यें एमील लेव्हासॉर यानें पान्हार कंपनीच्या गाडींत इंजिन पुढें आणून शक्ति मागच्या चाकांस पोंचविली. या रचनेंत सोय पुष्कळ होती. पुढें वारा लागून इंजिन थंड राहतें, टोपण उघडलें कीं सर्व हातांशीं येतें, आणि मागें माणसांना ऐसपैस जागा उरते. घोडा पुढें आणि गाडी मागें, हें चित्रहि लोकांच्या डोळ्यांस ओळखीचें होतें. पाहतां पाहतां ही रचना सर्वत्र रूढ झाली, आणि रूढी झाल्यावर तिचें कारण विचारण्याचें कोणास कारण उरलें नाहीं.

तें कारण विचारलें शर्यतीच्या मैदानानें. १९३४ ते १९३९ या काळांत जर्मनींतील ऑटो युनियन कंपनीनें शर्यतीसाठीं मध्य-इंजिनाच्या गाड्या उतरविल्या. पहिल्या गाडीची आंखणी फर्डिनंड पोर्शे यांची आणि इंजिन सोळा नळकांड्यांचें होतें. गाड्या विलक्षण वेगवान, पण हांकावयास कठीण. चालक अगदीं पुढें बसे, त्यामुळें मागची बाजू घसरूं लागल्याचें त्याला उशिरा कळे. त्या गाड्यांवर पूर्ण हुकमत मिळविली ती बर्न्ड रोझमायर या तरुणानें. तो मोटारसायकलींच्या शर्यतींतून आला होता. मोटारीच्या जुन्या संवयी त्याला मोडावयाच्याच नव्हत्या. १९३६ सालीं तो युरोपचा अजिंक्य चालक ठरला, आणि २८ जानेवारी १९३८ रोजीं वेगाचा उच्चांक करण्याच्या प्रयत्नांत मृत्यु पावला. पुढें महायुद्ध आलें आणि ही सर्व विद्या कांहीं वर्षें मागें पडली.

ती पुन्हा वर आली, पण मोठ्या पेढीवरून नव्हे. महायुद्ध संपल्यावर इंग्लंडांत चार्ल्स कूपर आणि त्याचा मुलगा जॉन यांनीं स्वस्तांतली शर्यतीची लहान गाडी करावयास घेतली. इंजिन घेतलें मोटारसायकलीचें. त्याची सांखळी मागच्या चाकांना जोडावयाची, म्हणून तें चालकाच्या मागें ठेवणें सोपें पडलें. सिद्धान्त नाहीं, प्रतिज्ञा नाहीं, केवळ सोय. पण त्या सोयीच्या पोटांत तें सत्य दडलें होतें. जानेवारी १९५८ मध्यें अर्जेंटिनांतील शर्यतींत स्टर्लिंग मॉस यानें कूपरची चिमुकली गाडी घेऊन मोठमोठ्या गाड्यांना हरविलें. १९५९ आणि १९६० अशीं लागोपाठ दोन वर्षें जॅक ब्रॅबॅम हा कूपरच्या गाडीवर जगज्जेता झाला.

या वेळीं इटलींत एन्झो फेरारी हे शर्यतीच्या मोटारींचे मातबर कारखानदार होते. बैल गाडी ओढतात, ढकलीत नाहींत, अशा अर्थाचें त्यांचें एक वाक्य सांगितलें जातें. आपल्याकडच्या कोणाहि शेतकऱ्यानें यावर मान डोलविली असती. दृष्टांत सुंदर होता, परंतु तो चुकीच्या ठिकाणीं लावलेला होता. बैल स्वतःच्या पायांनीं चालतो. इंजिन स्वतः चालत नाहीं, त्याला गाडीनेंच वाहून न्यावयाचें असतें. म्हणून इंजिन हा गाडीचा बैल आहे तसेंच तें गाडीचें ओझेंहि आहे. पराभवानंतर फेरारींनींहि हें मान्य केलें. १९६१ सालीं मध्य-इंजिनाच्या फेरारीवरच फिल हिल हा जगज्जेता झाला. अमेरिकेंतील इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतींत १९६५ सालीं जिम क्लार्क मध्य-इंजिनाच्या लोटस गाडीवर जिंकला. तेव्हांपासून तेथें पुढें इंजिन असलेली एकहि गाडी जिंकलेली नाहीं.

मैदानावरची ही रचना रस्त्यावर आली तीहि तरुणांच्या हट्टानें. फेरुच्यो लॅम्बोर्गिनी हे ट्रॅक्टरचे कारखानदार. त्यांच्या पदरीं असलेल्या जानपाओलो दल्लारा प्रभृति तरुण इंजिनीअरांनीं बारा नळकांड्यांचें मोठें इंजिन आडवें करून आसनामागें बसविण्याची कल्पना काढली. १९६५ सालीं ट्यूरिनच्या प्रदर्शनांत नुसता सांगाडा मांडला गेला आणि १९६६ सालीं जिनिव्हा येथें संपूर्ण गाडी आली. तिचें नांव म्यूरा. स्पेनमध्यें झुंजीचे बैल पाळणाऱ्या एका घराण्याचें हें नांव. म्हणजे बैल शेवटीं गाडीच्या पोटांतच जाऊन बसला! पण ही गाडी धनिकांची होती. मध्यमवर्गाला परवडेल अशी युक्ति पुढें फिॲटनें काढली. साध्या गाड्यांत तोंवर इंजिन आणि गिअर यांचा एक गठ्ठा पुढच्या चाकांवर बसूं लागला होता. तोच गठ्ठा उचलून आसनांच्या मागें ठेवला, कीं थोड्या खर्चांत मध्य-इंजिनाची गाडी तयार! १९७२ सालची फिॲट एक्स्-वन-नाईन ही अशी झाली. १९८४ सालीं टोयोटानें हाच मार्ग धरून आपल्या कोरोला गाडीच्या घरांतलें इंजिन मागें ठेवलें आणि एम्. आर. टू जन्मास आली. माझ्या विद्यार्थ्याची गाडी त्या घराण्याची तिसरी पिढी.

येथें कोणी म्हणेल, कीं हें सर्व विलायतेचें पुराण झालें. सोलापुराशीं त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. हिंदुस्थानांत मोटारींचा कारखाना काढण्याचें स्वप्न ज्यांनीं हट्टानें खरें केलें, ते शेठ वालचंद हिराचंद याच गांवीं १८८२ सालीं जन्मले. १९३९ सालीं ते या कारखान्याच्या खटपटीसाठीं अमेरिकेस गेले. त्या प्रवासांत विमानांच्या एका व्यापाऱ्याची गांठ पडली आणि त्यांतून १९४० सालीं बंगलोरचा विमानांचा कारखाना निघाला. पण मोटारीचें काम परक्या सरकारच्या अनास्थेमुळें रेंगाळलें. अखेर १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी निघाली. कुर्ल्याच्या कारखान्यांत आधीं अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या गेल्या, आणि पुढें फिॲट आली. वालचंद शेठ १९५३ सालीं वारले. त्यांच्या मागें १९७४ पासून त्या फिॲटला पद्मिनी हें चितोडच्या राणीचें नांव मिळालें.

पद्मिनीचें इंजिन पुढें, जोर मागच्या चाकांना, म्हणजे रचना लेव्हासॉरचीच. गिअरचा दांडा सुकाणूलगत. एकेका गाडीसाठीं लोकांनीं वर्षानुवर्षें वाट पाहिली. दुसरी मिळत नव्हती म्हणून जुनीच जपावयाची, हा त्या काळाचा धर्म होता. जुनी गाडी केव्हां बदलावी, हा प्रश्नच त्या काळीं कोणास पडत नसे. डिसेंबर १९८३ मध्यें मारुति आली आणि मग आपल्याकडे निवड हा शब्द मोटारीस लागूं झाला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं मृत्युलेख लिहावे तसे लेख लिहिले.

माझ्या विद्यार्थ्याचे वडील अशीच एक पद्मिनी भाड्यानें चालवीत. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर या वाटांवर त्यांनीं हजारों यात्रेकरू नेले. सुटीच्या दिवशीं मुलाला मांडीशीं बसवून गिअर कसा टाकावा आणि क्लच कसा हळू सोडावा, हें ते शिकवीत. शेवटीं गाडीचे सुटे भाग मिळेनासे झाले, तरीहि त्यांनीं ती विकली नाहीं. दुरुस्तीपायीं कर्ज झालें. नवी गाडी घेऊन धंदा सांवरावयाची वेळ निघून गेल्यावर ती भंगाराच्या भावानें गेली. तें दुःख मीं त्या घरीं बसून पाहिलें आहे. पित्यानें गाडी फार दिवस धरून ठेवली. मुलाला भय वाटत होतें, कीं आपण ती फार लवकर सोडूं. प्रश्नाचें खरें मूळ तें होतें.

मध्य-इंजिनाचें तत्त्व आपल्या देशांत मुळींच नव्हतें असेंहि नाहीं. १९८४ पासून २०१९ पर्यंत निघालेली मारुतीची व्हॅन, म्हणजेच ओम्नी, आपण सर्वांनीं पाहिली आहे. तिचें ७९६ घनसेंटिमीटरचें इंजिन पुढच्या आसनांखालीं, पुढच्या आंसाच्या मागें असे, आणि जोर मागच्या चाकांना मिळे. उन्हाळ्यांत बैठक कां तापते, म्हणून शाळेचीं मुलें कुरकुर करीत, त्याचें कारण हेंच. आपल्याकडची रिक्षाहि आधीं इंजिन पुढें घेऊन धांवे. बजाजनें १९७७ मध्यें इंजिन मागें असलेली रिक्षा आणली. टाटांच्या नॅनोचें इंजिन मागच्या आसनाखालीं होतें. म्हणजे जागा वांचविण्यासाठीं आपण इंजिन खुशाल हलविलें. वळण्याच्या आनंदासाठीं मात्र तें हलविण्याची ऐपत आपल्याला फार उशिरा आली.

ती आल्यावर महाराष्ट्रांतून दोन उल्लेखनीय प्रयत्न झाले. दिलीप छाब्रिया यांची डी. सी. अवंती ही मध्य-इंजिनाची दोन आसनी गाडी २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत आली. तींत रेनो कंपनीचें दोन लिटरचें इंजिन होतें. ती थोड्या संख्येनें निघाली आणि थांबली. मार्च २०१७ मध्यें टाटा मोटर्सनें जिनिव्हा येथें रेसमो नांवाची गाडी मांडली. तिच्यांत १.२ लिटरचें तीन नळकांड्यांचें इंजिन आसनांमागें होतें आणि त्याचा जोर १९० अश्वशक्तीचा होता. साध्या गाडीच्या जातीचें इंजिन मागें ठेवण्याची फिॲटची आणि टोयोटाची ती जुनी युक्तीच येथें वापरली होती. पण कंपनीनें तीहि योजना पुढें सोडून दिली. टाटांच्या मालकीच्या जॅग्वारनें २०१० सालीं पॅरिसमध्यें दाखविलेल्या सी-एक्स् ७५ या मध्य-इंजिनाच्या गाडीचा बेतहि डिसेंबर २०१२ मध्यें रद्द झाला. हे प्रयत्न फसले म्हणून त्यांस हसूं नये. अशा गाडीस गिऱ्हाईक थोडें, आणि साधन व सराव यांचा खर्च मोठा.

आतां विद्यार्थ्यापुढील निवडीकडे येतों. त्याच्यासमोर चार वाटा होत्या. पहिली अमेरिकेची कॉर्व्हेट. हिची कथा ऐकण्याजोगी आहे. १९५३ पासून ही गाडी पुढें इंजिन घेऊनच निघे. त्याच वर्षीं झोरा आर्कस-डुंटॉव्ह नांवाचे इंजिनीअर त्या कंपनींत आले. इंजिन मध्यावर न्यावें, हा त्यांचा ध्यास होता. १९६० च्या सुमारास त्यांनीं तशी प्रयोगाची गाडीहि करून दाखविली. वरिष्ठांनीं पाहिलें, वाखाणलें आणि बाजूस ठेवलें. चालतें तें कशास बदला, हा हिशेब. १९७५ सालीं डुंटॉव्ह निवृत्त झाले, १९९६ सालीं वारले. १८ जुलै २०१९ रोजीं मध्य-इंजिनाची कॉर्व्हेट जगापुढें आली. तोंवर त्या ध्यासाला सुमारें साठ वर्षें झालीं होतीं. गाडी उत्तम झाली, किंमतहि तिच्या तोडीच्या गाड्यांहून पुष्कळ कमी राहिली. पण तिच्यांत पायाचा क्लच नाहीं. गिअर यंत्रच बदलतें.

दुसरी वाट इंग्लंडच्या लोटस एमिराची. २०२१ सालीं आलेल्या या गाडींत टोयोटाचेंच ३.५ लिटरचें इंजिन हातगिअरासह मिळतें. तिसरी वाट पोर्शे केमनची. ही गाडी २००५ सालीं आली, आणि तिच्यांतहि पायाचा क्लच मिळूं शके. चौथी वाट विजेची. विजेच्या गाडींत मोटरी लहान; जड वस्तु म्हणजे बॅटरी, आणि ती बहुधा चाकांच्या मध्यें, तळाशीं असते. म्हणजे भार मध्यावर आणण्याचें काम आपोआप साधतें. महिंद्रांच्या मालकीच्या पिनिनफरिना घराण्याची बत्तिस्ता ही २०१९ सालीं जिनिव्हा येथें आलेली विजेची गाडी याच तत्त्वावर आहे. मात्र बॅटरीचें वजन मोठें. शिवाय पहिल्या तिन्ही पेट्रोलच्या गाड्याहि त्याच्या १,००० किलोंच्या गाडीहून तिसऱ्या हिश्श्यानें तरी जड आहेतच.

मीं त्याला जें लिहिलें, तें येथें कबूल करतों. डुंटॉव्ह यांच्या कथेनें मी इतका भारावलों होतों, कीं त्यानें कॉर्व्हेटच घ्यावी, असा सल्ला मीं दिला. साठ वर्षांनीं न्याय मिळालेली गाडी टाळूं नये, असें माझें म्हणणें होतें. त्याचें उत्तर नम्र होतें, पण नेमकें होतें. "गुरुजी, ही त्या गाडीची कथा झाली, माझी नव्हे," असें त्यानें लिहिलें. मला वाटतें, इतिहास शिकविणाऱ्यानें हें वाक्य भिंतीवर लिहून ठेवावें. इतिहास आपल्याला कारणें दाखवितो. तो आपल्या वतीनें निवड करीत नाहीं.

मग मीं निर्णय न सांगतां केवळ तीन प्रश्न लिहून पाठविले. जुनी गाडी आठवतांना तूं तिची आजची स्थिति आठवतोस, कीं तिच्या तरुणपणाची? तिचे कोणते गुण गेले तर नवी गाडी तुला परकी वाटेल? आणि नवी गाडी बिघडली तर ती बरी करणारा माणूस तुझ्या गांवांत आहे कां? पहिला प्रश्न मोहाचा, दुसरा निष्ठेचा, तिसरा संसाराचा. फेरारी पहिल्यावर अडखळले; जुन्या विजयांचा मोह त्यांना कांहीं वर्षें सुटला नाहीं. कूपर पितापुत्र तिसऱ्याचें उत्तर शोधीत असतां नकळत दुसऱ्याच्या उत्तराशीं जाऊन पोंचले. आणि माझ्या विद्यार्थ्याचे वडील? त्यांना दुसऱ्याचें उत्तर ठाऊक होतें. तिसरा प्रश्न मात्र त्यांनीं स्वतःला वेळेवर विचारला नाहीं.

गेल्या महिन्यांत त्याचें पुन्हा पत्र आलें. वेग त्याला मुळीं हवाच नव्हता. त्याला हवे होते दोन गुण: भार मध्यावर आणि क्लच पायाखालीं. पहिल्यामुळें गाडी वळतांना आनंद देते, आणि दुसऱ्यामुळें हांकणाराला आपण हांकतों आहों असें वाटतें. त्यानें कांहीं वर्षें वापरलेली पोर्शे केमन घेतली. दुरुस्तीचा कारखाना त्याच्या घरापासून जवळ आहे. जुन्या गाडीचा गंजलेला सांगाडा मोडीत गेला. पण तिचें धडधाकट इंजिन काढून त्यानें तेथील एका धंदेशिक्षणाच्या शाळेला दिलें. मुलें तें उघडतात, पुन्हा जोडतात आणि सुरू करून पाहतात. आपल्या मुलीला क्लच कसा सोडावा, हें तो आतां नव्या गाडींत शिकवीत आहे. आजोबांची पद्मिनी तिनें पाहिलेली नाहीं. पण आजोबांचा पाय तिच्या पायांत उतरेल, असें त्यानें लिहिलें आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं फारच थोड्यांना अशी गाडी कधीं घ्यावी लागेल. पण घरांतील जुनें यंत्र, जुना धंदा, जुनी रीत बदलण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो. अशा वेळीं जुनें तें सर्व धरणाराची गाडी भंगारांत जाते, आणि जुनें तें सर्व टाकणाराच्या गाडींत बसून कोणालाच घरीं आल्यासारखें वाटत नाहीं. भार कोठें आहे तें आधीं पाहावें. तो टोंकाला गेला असेल तर मध्यावर आणावा. सांगाडा गंजला असेल तर निःशंकपणें सोडावा. इंजिन मात्र तपासल्यावांचून फेंकूं नये.